एका ओळीसाठी वेअरहाऊस हलवू नका

‘पोरांना एसक्यूएलअल्केमी येतं, मग स्नोफ्लेकच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्येही तेच चालवा. नवं काही शिकवत बसायचं कशाला?’ डेटा इंजिनिअरिंग करणाऱ्या मंडळींत हा सल्ला आता शहाणपण म्हणून खपू लागला आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये स्नोफ्लेकच्या स्नोपार्कची पायथन आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. वेअरहाऊसच्या पोटात पायथन चालू लागलं आणि बाहेर वापरायची सगळी हत्यारं आत न्यायची घाई सुरू झाली. सल्ला देणारे अडाणी नाहीत. त्यांची कारणं वरवर पटण्यासारखी आहेत, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं, की प्रोसिजरच्या आत एसक्यूएलअल्केमीचं ओआरएम, म्हणजे टेबलातल्या ओळी पायथनच्या वस्तू म्हणून हाताळणारा त्याचा थर, वापरणं चूक आहे. काम हळू होतं एवढ्यावर ही चूक थांबत नाही. ती आकडेच चुकवते.

आधी एसक्यूएलअल्केमीला त्याचं श्रेय देतो. माइक बेयर यांनी २००६मध्ये ते लोकांसमोर आणलं, २०२३च्या जानेवारीत दुसरी आवृत्ती आली, आणि पायथनमधून डेटाबेसशी बोलायचं एवढं विचारपूर्वक बांधलेलं साधन दुसरं क्वचितच असेल. पोस्टग्रेसवर वेब अॅप्लिकेशन बांधताना त्याच्यावाचून माझं पानही हलत नाही. पण ते बांधलं गेलं ते दोन गोष्टी गृहीत धरून. कोड डेटाबेसच्या बाहेर बसला आहे, ही पहिली. पलीकडचा डेटाबेस ओळीओळीने काम करणारा आणि प्रायमरी की राखणारा आहे, ही दुसरी. स्नोफ्लेकच्या प्रोसिजरमध्ये या दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात.

हवेत बोलण्यापेक्षा एक टेबल समोर ठेवू. नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ आणि आसपासच्या अंगणवाड्यांत दर महिन्याला मुलांची वजनं घेतली जातात, त्या नोंदींचं. सरकारचा पोषण ट्रॅकर कुठल्या यंत्रणेवर चालतो हा इथला विषय नाही. टेबल मी उदाहरणासाठी मांडतोय, पण त्यातल्या अडचणी कल्पनेतल्या नाहीत. तोरणमाळ सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या याद्यांत तोरणमाळ धुळे जिल्ह्यात सापडतं. तालुका कुठे अक्राणी लिहिलेला असतो, कुठे धडगाव. गावाचं नाव एका यादीत ‘तोरणमाळ’, दुसरीत ‘तोरणमाल’, तिसरीत रोमन अक्षरांत. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. पावसाळा सरला की या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं मजुरीला, ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. मधल्या काळात मुलाची नोंद एकीकडे थांबते आणि दुसरीकडे सुरू होते, कधी दोन्हीकडे चालू राहते. डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून जानेवारीचं वजन मार्चमध्ये येऊन पडणार आणि कधी दोनदा पडणार.

अशा टेबलात एकच मूल एकाच महिन्यात दोनदा दिसणं हा अपवाद मानून चालत नाही. आणि इथेच स्नोफ्लेकचा स्वभाव माहीत असावा लागतो. साध्या टेबलावर तुम्ही प्रायमरी की जाहीर केलीत, तरी स्नोफ्लेक ती फक्त लिहून ठेवतं, राखत नाही. युनिक आणि फॉरेन कीचीही तीच गत. नॉट नल तेवढं पाळलं जातं. हायब्रिड टेबलांत प्रायमरी की खरोखर राखली जाते, पण ती वेगळ्या कामासाठी आहेत आणि अहवालांची मोठी टेबलं कोणी त्यांत ठेवत नाही. हे काही गुपित नाही, स्नोफ्लेकच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. वाचायचा कंटाळा आपला.

ओआरएमचा सगळा डोलारा मात्र प्रायमरी कीवरच उभा आहे. एका सेशनमध्ये एका कीची एकच वस्तू असणार, हा त्याचा पाया. त्याला आयडेंटिटी मॅप म्हणतात. क्वेरीतून त्याच कीची दुसरी ओळ आली, की ओआरएम तिची नवी वस्तू बनवत नाही, आधीचीच पुढे करतं. आपल्या टेबलात एका मुलाच्या फेब्रुवारीच्या दोन ओळी आहेत असं धरा, एकीत ७.९ किलो, दुसरीत ७.१. ओआरएममधून वाचलंत तर दोन्ही वेळा तुम्हाला पहिलंच वजन दिसेल. एरर येणार नाही, इशारा येणार नाही. ऑर्डर बाय दिलेलं नसेल तर पहिली ओळ कोणती हे वेअरहाऊसच्या त्या वेळच्या मर्जीवर. मूल कमी वजनाच्या यादीत जाणार की नाही, हे अशा रीतीने कोणीच न ठरवता ठरतं. उलट वजन दुरुस्त करायला गेलात तर अपडेटची आज्ञा कीवरून जाते, म्हणजे दोन्ही ओळींना लागू होते. वाचताना एक ओळ गायब, लिहिताना दोन्हींवर घाव.

यावर उत्तर येतं की आम्ही टेस्ट लिहितो. एसक्यूएलअल्केमीचा मोठा फायदा म्हणून हेच सांगितलं जातं, की तोच कोड लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर चालवून पाहता येतो. पण एसक्यूलाइट प्रायमरी की राखतं! दोनदा पडलेली नोंद तिथे आत शिरूच शकत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी खऱ्या टेबलात घोटाळा होणार, नेमक्या त्याच ठिकाणी तुमची टेस्ट हिरवी दाखवणार. अशा टेस्टपेक्षा टेस्ट नसलेली बरी, निदान माणूस धास्तावलेला तरी राहतो. लॅपटॉपवर तपासायचंच असेल तर स्नोपार्कची स्वतःची लोकल टेस्टिंगची सोय आहे. ती अपुरी आहे, पण खोटं आश्वासन देत नाही.

आता स्नोफ्लेकची स्वतःची मर्ज आज्ञा पाहा. नव्या नोंदींच्या टेबलात एकाच मुलाच्या दोन ओळी असतील आणि दोन्ही जुन्या टेबलातल्या एकाच ओळीला अपडेट करू पाहत असतील, तर मर्ज एरर देऊन थांबते. मूळ सेटिंग तसंच आहे, बंद करायचं तर मुद्दाम करावं लागतं. मग तुम्हाला भाग पडतं ठरवायला, की दोनांतली कोणती ओळ धरायची. शेवटी आलेली? पर्यवेक्षिकेने तपासलेली? तो निर्णय रो नंबर आणि क्वालिफाय वापरून दोन ओळींत लिहिता येतो, आणि एकदा लिहिला की वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. ओआरएमच्या सेशनवरही मर्ज नावाची गोष्ट आहे. नावापलीकडे दोन्हींचं नातं नाही. सेशनची मर्ज प्रत्येक नोंदीसाठी आधी सिलेक्ट पाठवते, ओळ सापडली का पाहते, मग अपडेट की इन्सर्ट ते ठरवते.

हिशेब करून पाहू. दहा हजार नोंदी धरा. दहा हजार सिलेक्ट, आणि बहुतेक ओळी जुन्या असल्या तर जवळजवळ तितकेच अपडेट. स्नोफ्लेकमध्ये क्वेरी कितीही लहान असली तरी ती समजून घेणं, आखणं, पाठवणं याला वेळ लागतोच. क्वेरीमागे एक पंचमांश सेकंद धरला, तरी वीस हजार क्वेऱ्यांचे चार हजार सेकंद, म्हणजे तासाहून जास्त. एक्स्ट्रा स्मॉल वेअरहाऊसला तासाला एक क्रेडिट लागतं आणि पुढच्या प्रत्येक आकाराला दुप्पट. कोणी ‘हळू चालतंय, मोठं वेअरहाऊस घ्या’ म्हणालं, तर पैसे दुप्पट जातील, वेळ तेवढाच राहील. कारण प्रोसिजरमधलं पायथन एकाच नोडवर एकेक क्वेरी सोडत बसलेलं असतं, बाकीच्या नोडना काम नसतं. त्यात साठवणीची रीत वेगळी. स्नोफ्लेक डेटा मायक्रो-पार्टिशनांत ठेवतं, कॉम्प्रेस होण्याआधी ५० ते ५०० एमबीच्या, आणि एकदा लिहिलेली पार्टिशन बदलत नाही. एका मुलाचं एक वजन बदललं की ते ज्या पार्टिशनमध्ये आहे ती नव्याने लिहावी लागते. शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला एकेक गोणी पोचवायची, दर खेपेला ट्रक रिकामा खाली आणायचा, आणि वर डिझेल फार पितो म्हणून ट्रकला नावं ठेवायची, असा हा प्रकार आहे. एका मर्ज आज्ञेत हेच दहा हजार बदल काही सेकंदांत होतात. वेअरहाऊस सुरू झाल्यावर कमीत कमी ६० सेकंदांचे पैसे लागतात, त्यातच हे काम उरकतं.

या दुखण्यावरचं औषध शोधायला कॅलिफोर्नियात जावं लागत नाही. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक एस. सुदर्शन आणि त्यांचे विद्यार्थी याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. सिल्बरशाट्झ आणि कॉर्थ यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ आपल्यापैकी बहुतेकांनी इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तरी चाळलेलं असतं. २००८मध्ये रवींद्र गुरवण्णवर आणि सुदर्शन यांनी व्हीएलडीबी परिषदेत एक रीत मांडली. लूपमध्ये एकेक किंमत घेऊन चालणारी क्वेरी सगळ्या किमतींसाठी गठ्ठ्याने चालवता यावी, म्हणून प्रोसिजरचा कोड आपोआप कसा बदलायचा, याची. पुढे त्याच गटाच्या डीब्रिज प्रकल्पात अॅप्लिकेशनचा कोड आणि क्वेऱ्या एकत्र तपासून दोन्ही सुधारायचं काम झालं. २०१६च्या सिग्मॉड परिषदेतला वेंकटेश इमानी, कार्तिक रामचंद्र, शुभ्रो भट्टाचार्य आणि सुदर्शन यांचा निबंध तर लूपवाल्या कोडमधून त्याच अर्थाचं एसक्यूएल कसं बाहेर काढायचं याबद्दलच आहे. रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, तिथे फ्रॉइड नावाचं काम झालं, आणि ते एसक्यूएल सर्व्हर २०१९मध्ये उतरलं. फंक्शनच्या आत पायरीपायरीने लिहिलेला कोड ते बाहेरच्या क्वेरीत मिसळून टाकतं, म्हणजे दर ओळीला फंक्शन बोलावत बसावं लागत नाही.

लोकांच्या कोडात अडकलेलं एसक्यूएल सोडवून आणण्यासाठी पवईत पीएचड्या होतात. आणि आपण, हाताशी धडधाकट एसक्यूएल असताना, ते मुद्दाम लूपमध्ये कोंबतो आणि वर त्याला आधुनिकता म्हणतो.

आता कनेक्शनचा प्रश्न. तो कंटाळवाणा वाटतो, म्हणून सल्ला देणारे त्यावरून घाईने पुढे जातात. स्नोफ्लेक पायथनच्या प्रोसिजरला पहिला आर्ग्युमेंट म्हणून तयार सेशन देतं. कोण बोलावतंय, कोणत्या रोलने, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. एसक्यूएलअल्केमीच्या इंजिनला मात्र स्वतः कनेक्शन उघडायची सवय. मग दोन वाटा उरतात. पहिली, युजरनेम आणि पासवर्ड देऊन प्रोसिजरच्या आतून पुन्हा स्नोफ्लेकलाच नव्याने जोडायचं. त्यासाठी बाहेरच्या नेटवर्कची परवानगी काढा, गुपितं सांभाळा, आणि एवढं करून मिळतं काय, तर दुसरं सेशन. पहिल्या सेशनमधली टेंपररी टेबलं त्याला दिसत नाहीत, अर्धवट ट्रान्झॅक्शन दिसत नाही, आणि ओनरच्या की कॉलरच्या अधिकाराने चालायचं हा प्रोसिजरचा विचारपूर्वक ठरवलेला नियम बाजूला पडतो. घरात बसलेल्या माणसाने बाहेर जाऊन पुन्हा दारावरची बेल वाजवावी, यात कसली सोय, मला समजलेलं नाही.

दुसरी वाट हुशार मंडळींची. इंजिन बनवताना क्रिएटर नावाच्या पर्यायात सेशनचंच उघडं कनेक्शन देऊन टाकायचं. हे चालतं. पूर्वी त्यासाठी अंडरस्कोअरने सुरू होणारी खासगी नावं उकरावी लागत, आता उघड मार्ग आहे. पण चालतं म्हणजे बरोबर चालतं असं नाही. एसक्यूएलअल्केमी स्वतःहून बिगिन पाठवत नाही. ट्रान्झॅक्शन खालचा ड्रायव्हर सुरू करील, असं ते धरून चालतं. स्नोफ्लेकमध्ये ऑटोकमिट मुळात चालू असतं आणि प्रोसिजरच्या आत ते बदलता येत नाही. परिणामी तुम्ही फ्लश केलेली प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे पक्की होते. पाचशेव्या नोंदीला चूक निघाली, तुम्ही विश्वासाने सेशनवर रोलबॅक म्हणालात, पायथनमधल्या वस्तू निमूट मागे फिरल्या. टेबलात आधी गेलेलं सगळं तसंच. वजनांची निम्मी यादी मार्चची, निम्मी फेब्रुवारीची.

मग कोणी म्हणतं, आम्ही प्रोसिजरमध्ये स्वतः बिगिन लिहू. लिहा. थोडं काम स्नोपार्कने केलंत, थोडं एसक्यूएलअल्केमीने वाचलंत, विथचा ब्लॉक संपला. कनेक्शन पूलमध्ये परत घेताना एसक्यूएलअल्केमी मूळ सवयीप्रमाणे रोलबॅक पाठवतं, कारण त्याच्या मते ते कनेक्शन आता दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं आहे. दुसरं कोणी नाही. कनेक्शन एकच, त्यावरचं ट्रान्झॅक्शन एकच, त्यामुळे स्नोपार्कने केलेलं कामही त्या रोलबॅकमध्ये वाहून गेलं. ही सवय एक पर्याय देऊन बंद करता येते, हे मला माहीत आहे. पण साधनाचे एकेक गुण बंद करत त्याला नांदवायचं असेल, तर ते साधन इथे कशासाठी आणलं होतं? शिवाय बाहेर ट्रान्झॅक्शन चालू असताना तुमची प्रोसिजर कोणी बोलावली, तर तिच्या आतून ते बाहेरचं ट्रान्झॅक्शन संपवायला स्नोफ्लेक परवानगी देत नाही. सरळ एरर देतं. एसक्यूएलअल्केमीच्या जगात ही सीमाच नाही, त्यामुळे ते तिचं भान ठेवील अशी अपेक्षा करणंही चूक.

वेअरहाऊस बदललं तरी कोड बदलावा लागणार नाही, हा युक्तिवाद मला सगळ्यांत पोकळ वाटतो. स्टोअर्ड प्रोसिजर ही मुळातच त्या वेअरहाऊसची रहिवासी. तिची क्रिएट आज्ञा, पॅकेजांची यादी, हँडलर, पहिल्या आर्ग्युमेंटमधलं सेशन, सगळं स्नोफ्लेकचं. उद्या बिगक्वेरीवर गेलात तर ती उचलून नेता येणारच नाही, आतला कोड कितीही सोवळा असो. आणि वेग वाढवायला म्हणून स्नोफ्लेकच्या एसक्यूएलअल्केमी डायलेक्टमधलं मर्ज-इंटू इंपोर्ट केलंत, की उरलासुरला दावाही गेला. तो वर्ग दुसऱ्या कुठल्या डेटाबेसवर चालतो?

एसक्यूएल इंजेक्शनपासून संरक्षण मिळतं, हा मुद्दा मात्र मी मान्य करतो, अर्धा. एफ-स्ट्रिंगने क्वेरी जोडणाऱ्यांना आवरायलाच हवं. पण सेशनच्या एसक्यूएल फंक्शनला किमती पॅराम्समधून वेगळ्या देता येतात, टेबलांची नावं आयडेंटिफायरमधून घालता येतात, आणि स्नोपार्कची डेटाफ्रेम वापरली तर क्वेरी स्ट्रिंगमध्ये लिहावीच लागत नाही. ती आळशी असते, म्हणजे शेवटची मागणी येईपर्यंत काहीच चालवत नाही, मग सगळ्या पायऱ्यांचं मिळून एसक्यूएल बनवते. गाळणी, जोडणी, गटवारी, मर्ज, सगळं तिथेच होतं, आणि ओळी पायथनमध्ये येतच नाहीत.

एसक्यूएलअल्केमीचा एक भाग आत न्यायला माझी हरकत नाही. ओआरएमच्या खाली कोअर नावाचा थर आहे, तो पायथनमधून क्वेरीची रचना उभी करतो. कुठले कॉलम निवडायचे, कुठल्या अटी लावायच्या हे कोड चालतानाच ठरत असेल, तर कोअरने क्वेरी रचा, स्नोफ्लेकच्या डायलेक्टने तिचं एसक्यूएल बनवून घ्या, आणि ते मजकूर म्हणून प्रोसिजरच्या सेशनला द्या. इंजिन नाही, पूल नाही, ओआरएमचं सेशन नाही. ओआरएमचे पाठीराखे इथे म्हणतात की आमच्याकडेही बल्क इन्सर्ट आहे, एकाच आज्ञेत सगळ्या ओळी बदलणारा अपडेट आहे. आहे ना. पण तो वापरता तेव्हा तुम्ही ओआरएम सोडून कोअरशीच बोलत असता, आणि मग आपलं भांडण उरत नाही.

राहतो पोरांना काय येतं हा प्रश्न. पोरांना एसक्यूएल येत नसेल तर त्यांना एसक्यूएल शिकवा. डेटा वेअरहाऊसवर नोकरीला घेतलेल्या माणसाला विंडो फंक्शन आणि मर्ज शिकवायला लागणारा वेळ, आयडेंटिटी मॅप आणि पूलच्या सवयी समजावून सांगायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमीच आहे. दुसरं असं, की प्रोसिजर लिहिणारा आज कंपनीत असतो, उद्या नसतो. धडगावच्या नोंदींत घोळ झाला म्हणून दोन वर्षांनी कोणी ती उघडेल, तेव्हा त्याला एका पानाचं एसक्यूएल सापडावं. वर्गांच्या सहा फायली चाळून ओळ कुठे हरवली याचा तपास त्याच्यावर लादू नये.

तुमच्या प्रोसिजरमध्ये ओआरएम आधीच शिरलेलं असेल, तर या आठवड्यात दोन कामं करा. क्वेरी हिस्टरी उघडून तिच्या एका फेरीमागे किती क्वेऱ्या गेल्या ते मोजा. मग तिच्या प्रत्येक टेबलावर जाहीर केलेल्या कीने गट पाडून एकाहून जास्त ओळी असलेले गट काढा. एकही गट निघाला, तर त्या प्रोसिजरवर बेतलेला अहवाल पुढे पाठवू नका.